तिसऱ्या महिन्यातली गळती : सांगलीतील ज्येष्ठांच्या एका वर्गाचे प्रकरण

सांगलीत कृष्णाकाठापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका समाजमंदिरात साठीपुढच्या स्त्री-पुरुषांसाठी आम्ही मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस वर्ग चालवतो. मोबाइलचा वापर, बसल्या जागी करायचे व्यायाम आणि थोडे वाचन-लेखन एवढेच त्यात असते. पहिल्या महिन्यात बसायला जागा पुरत नव्हती आणि तिसऱ्या महिन्यात हाच वर्ग जवळजवळ रिकामा झाला. हजेरीपटावर तीसेक नावे होती, पण प्रत्यक्षात दहा-बारा माणसे येत, आणि गळालेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. ही गळती का झाली, तिची कारणे कशी कळली, त्यावर काय केले आणि काय अजून जमलेले नाही, याची ही नोंद आहे. मी निवृत्त शिक्षिका असून वर्गाची आखणी मीच केली होती. त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्या मुख्यतः माझ्या आहेत.

वर्ग काढण्यामागचे कारण महापुराशी जोडलेले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांपर्यंत गेले आणि निम्मी सांगली पाण्याखाली आली. २००५ साली पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती आणि लोकांच्या मनात तीच शेवटची रेघ होती. ‘मागच्या वेळी उंबऱ्यापर्यंतच आले होते’ या हिशेबावर अनेक म्हातारी माणसे घरातच थांबली आणि अडकली. पाण्याची पातळी, धरणाचा विसर्ग, बोट कुठे येणार, निवारा कुठे आहे, ही सगळी माहिती त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होती. मात्र ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज होती, त्यांना फोन आलेला उचलणे आणि ठेवणे यापलीकडे काही येत नव्हते. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आले आणि पुन्हा तेच घडले. त्यानंतर आम्ही काही निवृत्त मंडळींनी ठरवले की घरातल्या थोरल्या माणसांच्या हातातला फोन त्यांना स्वतःला वापरता आला पाहिजे.

सांगलीत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि त्यांची कामे चांगली चालतात. फेस्कॉम या ज्येष्ठ नागरिक संघांच्या राज्य महासंघाच्या छत्राखाली राज्यभर असे संघ उभे राहिले आहेत. व्याख्यान, वाढदिवस, सहल, आरोग्य तपासणी असे त्यांचे स्वरूप असते. मात्र तिथे प्रामुख्याने नोकरीतून निवृत्त झालेले पुरुष येतात. आम्हाला ज्या स्त्रिया हव्या होत्या त्यांतल्या कुणी हळदीच्या आणि बेदाण्याच्या निवडीवर वर्षानुवर्षे रोजाने गेलेल्या, कुणी घरीच राहिलेल्या, कुणी पतीच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतनावर किंवा श्रावणबाळ योजनेच्या पैशावर राहणाऱ्या होत्या. त्या आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात इतक्या आल्या की दोन सतरंज्या आणखी मागवाव्या लागल्या.

तिसऱ्या महिन्यात त्या यायच्या थांबल्या, तेव्हा आमच्या बैठकीत निघालेले निष्कर्ष आज वाचताना मला वाईट वाटते. ‘या वयात आता शिकायचे मन राहत नाही’, ‘सुरुवातीला नवलाई होती ती संपली’, ‘घरच्यांनी पाठवले म्हणून आल्या होत्या’, अशी वाक्ये वहीत आहेत आणि त्यांतले एक माझे आहे. शाळेत मूल यायचे थांबले की आम्ही त्याच्या घरी जात असू. इथे मात्र वयाकडे बोट दाखवून आम्ही मोकळे झालो. पुढच्या बैठकीत एका सहकाऱ्याने साधा प्रश्न विचारला : ‘त्यांतल्या किती जणींना आपण घरी जाऊन विचारले?’ आम्ही एकीलाही विचारले नव्हते.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघी-दोघींनी मिळून गळालेल्या प्रत्येक घरी गेलो. पहिल्या चहाला मिळणारे उत्तर एकच असायचे : ‘येळच मिळत न्हाई बाई.’ हे उत्तर खोटे नसते, पण ते दारातले उत्तर असते. खरे कारण बहुधा दुसऱ्या भेटीत, सून आत गेल्यावर किंवा निघताना चप्पल घालत असताना कळे. म्हणूनच आम्ही छापील प्रश्नावली वापरली नाही, आणि तो निर्णय योग्य ठरला. कागद पुढे केला असता तर सगळ्यांनी ‘वर्ग छान आहे’ असेच लिहून दिले असते.

सर्वांत आधी कळले ते सतरंजीचे. आमच्या मनात वर्ग म्हणजे मांडी घालून बसणे असे घट्ट बसले होते. गुडघे झिजलेल्या बाईला खाली बसणे एक वेळ जमते. उठणे जमत नाही. उठताना आधी एका कुशीवर वळायचे, हात टेकायचे, कुणाच्या तरी खांद्याचा आधार घ्यायचा, आणि हे सगळे पुरुषांच्या देखत करायचे. एकीने मला तिच्या स्वयंपाकघरातला ओटा दाखवला आणि म्हणाली, ‘घरात मी हितं धरून उठती. तुमच्या हॉलात धरायला काय हाय?’ दुसऱ्या महिन्यात एक काकू उठताना सतरंजीच्या दुमडलेल्या कडेत पाय अडकून पडल्या होत्या. हाड मोडले नाही, सगळ्यांनी उचलून बसवले, पाणी दिले, आणि आमच्या दृष्टीने प्रसंग संपला. त्या काकू मात्र पुन्हा आल्या नाहीत, आणि त्यांच्या गल्लीतल्या आणखी तिघी-चौघी त्याच आठवड्यापासून यायच्या थांबल्या होत्या. हजेरीपट त्या नजरेने पाहिला असता तर आम्हाला हे घरी न जाताही दिसले असते.

दुसरे कारण बोलायला सर्वांत जास्त वेळ लागला. समाजमंदिराचे स्वच्छतागृह मागच्या बाजूला आहे, त्याला कुलूप असते आणि किल्ली शिपायाकडे असते. रक्तदाबासाठी अनेकींना लघवी वाढवणारी गोळी चालू असते आणि तिच्यावर दीड तास थांबणे कठीण जाते. मग भर वर्गात उठून, एका पुरुषाकडे जाऊन किल्ली मागायची, हे त्यांच्याने होत नव्हते. काही जणी वर्गाच्या दिवशी दुपारपासून पाणीच पीत नसत, आणि एक जण तर त्या दिवशी गोळीच घेत नसे. हे ऐकल्यावर आम्ही त्याच संध्याकाळी किल्लीची दुसरी प्रत करून दाराशेजारच्या खिळ्याला लावली. आठवडाभराने कुलूपच काढून टाकले आणि आतून कडी बसवली. या संपूर्ण प्रकरणात सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त उपयोगी पडलेला बदल हाच होता.

वेळेचे कारण तुलनेने साधे होते. आम्ही चार ते साडेपाच ही वेळ ठेवली होती, कारण ती आम्हाला सोयीची होती. त्याच वेळेला नातवंडे शाळेतून येतात, त्यांना खायला द्यायचे असते, चहा टाकायचा असतो. बायकांनी स्वतः अकरा ते सव्वाबारा ही वेळ सुचवली : कामावर जाणारी माणसे गेलेली असतात, स्वयंपाक झालेला असतो, आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांना एकच्या आत घरी जाऊन जेवता येते. आता कपाटात गुळाचे खडे आणि बिस्किटांचा पुडा कायम ठेवलेला असतो, कारण जेवणाआधीच्या व्यायामात साखर उतरली तर ती लगेच हाताशी हवी.

ऐकू येण्याचा मुद्दा मला स्वतःला नवा होता आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, च, थ, फ ही व्यंजने त्याच पट्टीत येतात, तर स्वर त्यामानाने नीट पोहोचतात. म्हणून अशा माणसाला ‘कोणीतरी बोलतेय’ हे स्पष्ट कळते, पण ‘काय बोलतेय’ हे कळत नाही. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत त्याला फरक लागत नाही. मोठ्याने ओरडल्याने स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजने तिथेच राहतात. आमच्या हॉलवर पत्रे आहेत, आत दोन पंखे खडखडत असतात, भिंतींवरून आवाज घुमतो, आणि तरुण स्वयंसेवक भराभर बोलतात. त्यात भर म्हणजे शिकवणारा नेमका खिडकीकडे पाठ करून उभा राहत असे. त्यामुळे त्याचा चेहरा अंधारात जाई आणि ओठांवरून शब्द ओळखण्याचा शेवटचा आधारही जाई. डोळ्यांचेही असेच असते : साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो आणि समोरून येणारी तिरीप मात्र जास्त टोचते. एक आक्का पहिल्या महिन्यात प्रत्येक वाक्याला मान हलवत. आम्ही त्यांना हुशार समजत होतो. घरी गेल्यावर त्यांनी सांगितले की त्यांना त्यातले फारसे काही ऐकूच येत नव्हते, आणि सारखे ‘काय म्हणालात?’ विचारायची लाज वाटत होती.

हा मुद्दा केवळ वर्गापुरता नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे आणि आटोक्यात आणता येण्यासारखे जे १४ घटक दिले आहेत, त्यांत श्रवणदोष, उपचार न केलेला दृष्टिदोष, एकटेपणा, शारीरिक हालचालींचा अभाव आणि कमी शिक्षण हे पाचही आहेत. ऐकू येत नाही म्हणून घरी बसलेल्या बाईच्या वाट्याला यांतले किती घटक एकदम येतात, हे त्या आक्कांकडे पाहून मला समजले.

इतकी कारणे हाती आल्यावर आम्हाला वाटले की आता खुर्च्या, किल्ली, वेळ आणि खिडकी यांची व्यवस्था लावली की वर्ग भरेल. पण खुर्च्या आल्यानंतरही काही जणी आल्या नाहीत, आणि ज्या आल्या त्या व्यायामाला थांबत आणि मोबाइलचा तास सुरू झाला की निघून जात. याचे कारण त्यांच्यापैकीच एका मावशींनी सांगितले. त्या हळदीच्या गोदामात आयुष्यभर काम केलेल्या, शाळा न पाहिलेल्या, पण अत्यंत नेमके बोलणाऱ्या आहेत. ‘त्यो पोरगा लई गुणाचा हाय, बाई. पर मी जरा अडले की म्हणतोय, द्या हिकडं आजी, मी करून देतो. फोन हातातनं गेला की माजं शिकणं तितंच ऱ्हातंय. मग घरी तरी काय येगळं हाय? घरी नातू काढून घेतोय, हितं ह्यो.’

या एका बोलण्याने सगळ्या प्रकरणाची दिशा बदलली. आमचे स्वयंसेवक महाविद्यालयात शिकणारी मुले होती, मनापासून काम करणारी आणि आजी-आजोबांविषयी माया असणारी. त्यांच्या वागण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता. पण त्यांना काम झालेले पाहण्याची सवय होती, आणि शिकवण्यात काम होणे हा हेतूच नसतो. मी पुढच्या तासाला मागे बसून फक्त हात पाहिले. एक मुलगा चष्म्याच्या काचा पुसणाऱ्या आजींसमोर हात पुढे करून उभा होता. आजींनी सवयीने फोन त्याच्या हातात ठेवला, त्याने भराभर चार ठिकाणी बोटे लावली आणि ‘झालं बघा’ म्हणून परत दिला. आजी ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन पिशवीत टाकला. त्या तासात त्यांचे बोट पडद्याला एकदाही लागले नव्हते, आणि आमच्या नोंदवहीत मात्र त्यांच्या नावापुढे ‘फोटो पाठवणे : पूर्ण’ अशी खूण पडली होती.

त्या दिवसापासून एकच नियम लावला : शिकवणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. फोन कुणाचा, बोट त्याचेच. मुलांना हे फार जड गेले. ज्याला एखादी गोष्ट दोन सेकंदांत येते, त्याने दुसऱ्याची दोन मिनिटे शांतपणे पाहणे ही सोपी गोष्ट नाही. पण हात बांधले गेल्यावर त्यांना तोंडाने सांगावे लागले, आणि तोंडाने सांगताना लक्षात आले की आपले शब्द किती अपुरे आहेत. ‘इथे क्लिक करा’ यातले ‘इथे’ कुठे, आणि क्लिक म्हणजे नेमके काय?

याच काळात एक बारीकशी, पण मोलाची गोष्ट सापडली. अनेक जणींची तक्रार होती की ‘मी हात लावला की फोन बिघडतो.’ चित्रे हलायला लागतात, भलतीच पाटी उघडते, एकीच्या फोनवरून तर दोन ॲप पुसली गेली होती. नीट पाहिल्यावर कारण कळले. या सगळ्यांनी आधी बटणाचे फोन वापरले होते आणि बटण दाबावे तसे त्या पडद्यावर बोट दाबून धरत होत्या. टेकवून लगेच उचललेले बोट आणि दाबून धरलेले बोट यांना फोन वेगवेगळा अर्थ देतो. दाबून धरले की हलवायची किंवा काढून टाकायची यादी उघडते. त्यातच शेतात आणि गोदामात राबलेल्या बोटांची कातडी कोरडी आणि जाड झालेली असल्याने हलका स्पर्श फोनला कळत नाही, आणि म्हणून त्या आणखी जोर लावत. आम्ही प्रत्येकीच्या फोनमधल्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पर्श धरून ठेवण्याचा कालावधी ‘मोठा’ करून घेतला, म्हणजे करायला लावला. निम्मी अडचण तिथेच सरली. उरलेली निम्मी आमच्या समजावण्याने सरेना. ‘हलके’, ‘जोर न लावता’, ‘पटकन’ असे सगळे सांगून झाले. शेवटी त्याच मावशी शेजारणीला म्हणाल्या, ‘चुलीवरचं भांडं तापलंय का बघतीस न्हवं? तसं बोट लाव आन् काढ.’ शेजारणीने तसे केले आणि फोन उघडला. शाळेत इतकी वर्षे शिकवूनही मला ती उपमा सुचली नव्हती. तेव्हापासून नव्या माणसाला पहिला धडा आम्ही देत नाही, आधी आलेल्यांपैकी कुणीतरी देते.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वेगळा वर्ग काढावा असा एक विचार होता, पण बायकांनीच तो नाकारला. त्यांनी वह्यांत चित्रे काढली : हिरव्या गोलात पांढरा फोन, लाल पाटीवर त्रिकोण, आणि त्यापुढे बाण. त्यांतल्या काही जणींनी पुढे नवभारत साक्षरता कार्यक्रमात नावे घातली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांचे प्रत्येकी ५० असे १५० गुणांचे जे मूल्यमापन असते, त्याची तयारी आता शनिवारी होते.

पैशाच्या व्यवहाराचा तास आम्ही मुद्दाम उशिरा घेतला, कारण भीती तिथे सर्वांत जास्त होती आणि ती रास्तही होती. एका बाईंना ‘केवायसी संपली’ असा फोन आला होता. त्यांनी मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा सांगून टाकला, खात्यातले पैसे गेले आणि मुलाने त्यांचा मोठ्या पडद्याचा फोन काढून घेऊन बटणाचा दिला. त्या बाई वर्गात न येण्याचे कारण हेच होते. आम्ही एका रविवारी मुलगे, सुना आणि मुली यांनाच बोलावले. फोन काढून घेणे हा उपाय नाही, खाते वेगळे ठेवणे हा उपाय आहे, हे त्यांच्याशी बोललो. ज्या खात्यात निवृत्तिवेतन येते ते यूपीआयला जोडायचे नाही. दुसऱ्या खात्यात महिन्याला थोडीशीच रक्कम ठेवायची आणि व्यवहार त्यातूनच करायचे. वर्गात समोरासमोर बसून एकमेकींना एक-एक रुपया पाठवण्याचा सराव झाला. या सरावातून एक गोष्ट न सांगताच सगळ्यांच्या अंगात भिनली : पाठवणारीला पिन टाकावा लागतो, घेणारीला काहीच टाकावे लागत नाही. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगणारा माणूस ठग आहे, हे फळ्यावर दहा वेळा लिहिण्यापेक्षा तो एक रुपया जास्त शिकवून गेला. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करायचा, हे सगळ्यांच्या फोनमध्ये नोंदवले आहे. पोलिस व्हिडिओ कॉलवरून कुणालाही अटक करत नाहीत, ‘डिजिटल अरेस्ट’ असे कायद्यात काही नाही, हेही दर महिन्याला एकदा मोठ्याने बोलले जाते.

वर्गाची खरी परीक्षा नोव्हेंबरात झाली. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून आपण हयात असल्याचा दाखला द्यायचा तो महिना. ‘जीवन प्रमाण’ ही ऑनलाइन सोय नोव्हेंबर २०१४ पासून आहे, पण सुरुवातीला ती बोटांच्या ठशांवर किंवा डोळ्यांच्या बुबुळांवर चाले, आणि राबून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. ‘तुमचे बोट लागत नाही’ हे वाक्य ऐकून परत फिरलेल्या बायका आमच्या वर्गात होत्या. आपण हयात असल्याचे आपल्याच बोटाने सिद्ध होत नाही, याचे त्यांना फार लागले होते. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. तिला चेहऱ्यावर समोरून सारखा उजेड लागतो आणि पडद्यावर सूचना आली की पापण्या मिटून उघडाव्या लागतात. जी खिडकी आधी शिकवणाऱ्याच्या पाठीमागे राहून सगळ्यांची अडचण करत होती, तिच्याच समोर आता आम्ही खुर्ची मांडली. पहिल्या दिवशी एका काकूंचा चेहरा चार वेळा नाकारला गेला, कारण डोक्यावरचा पदर कपाळावर आला होता आणि चष्म्यात खिडकी चमकत होती. पाचव्या वेळी त्यांनी पदर मागे घेतला, चष्मा काढला, डोळे मिटून उघडले आणि दाखला झाला. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाचे हात पाठीमागेच होते.

व्यायामाबद्दल थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तींनी तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस करावेत, आणि आमचे तीन दिवस त्यात नेमके बसतात. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे, एवढेच करतो. सुरुवातीला भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या होत्या. त्या शहाबादी फरशीवर सरकत आणि त्यांना हात नव्हते. हातांच्या, जड, लोखंडी खुर्च्या वर्गणीतून घेतल्या. ज्यांना सतरंजीवरून उठायला दोघांचा आधार लागत होता, त्यांतल्या बऱ्याच जणी आता खुर्चीवरून आधाराशिवाय उठतात.

पावसाळा जवळ आल्यावर वर्गाने आपला विषय स्वतःच निवडला, आणि मला वाटते की इथे आमची आणि त्यांची जागा बदलली. आम्ही पूरकाळातली माहिती कशी पाहायची ते शिकवणार होतो. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी, कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट) असतो, असे फळ्यावर लिहून झाले. मागून एक आजोबा म्हणाले, ‘हे बरोबर आहे, पण चाळीस फूट म्हणजे माझ्या दारात किती?’ मग पुढचे दोन तास फक्त तेच झाले. कुणाच्या गल्लीत गटारातून पाणी आधी उलटे येते, कुणाच्या बोळाच्या तोंडाशी पाणी आले की मागच्या दाराला यायला किती वेळ लागतो, २००५ ला भिंतीवर उमटलेली रेघ कुठे होती आणि २०१९ ला ती किती वर गेली, हे सगळे या माणसांना तोंडपाठ होते. पुलावर किती फूट झाले की आपण घर सोडायचे, असा प्रत्येकाचा आपला एक आकडा त्यातून निघाला. तो आता त्यांच्या फोनमध्ये आणि घराच्या दारामागे लिहिलेला आहे. स्वयंसेवक मुले त्या दिवशी वह्या घेऊन लिहीत बसली होती. प्रत्येकाने आपल्या गोळ्यांच्या पाकिटांचे आणि चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवले, ते मुलाला किंवा मुलीला स्वतः पाठवले, आणि कुठल्या शेजारणीला कुणी फोन करायचा याची साखळी त्यांनीच बांधली.

सहलही झाली. एसटीने औदुंबरला गेलो. ७५ वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत आणि इतर स्त्रियांना अर्धे तिकीट असल्याने खर्च फारसा आला नाही. घाटावरून प्रत्येकीने घरी फोटो पाठवला, आणि त्या दिवशी कुणालाही मदत लागली नाही.

जे जमले नाही तेही लिहायला हवे. गळालेल्यांपैकी बहुतेक परत आल्या, पण सगळ्या नाहीत. दोघींचे पती अंथरुणाला खिळलेले आहेत आणि त्यामुळे या दोघींना तासभरही घराबाहेर पडता येत नाही. त्यांच्याकडे वर्गातल्याच दोघी दर गुरुवारी संध्याकाळी जाऊन बसतात, पण तेवढ्याने व्यायाम आणि चार माणसांत बसणे त्यांच्या वाट्याला येत नाही. पुरुषांची संख्या अजून कमी आहे. वर्गात स्त्रिया पुढे गेल्या की काही पुरुषांना विचारायला संकोच वाटतो, असे दिसते; त्यावर आम्हाला उपाय सापडलेला नाही. ऐकू न येणाऱ्या आक्कांना आता पहिल्या रांगेत, पंख्यापासून दूर आणि बोलणाऱ्याच्या तोंडासमोर जागा असते, पण कानाची तपासणी करून घ्यायला त्यांच्या घरचे अजून तयार नाहीत.

आणि सतरंजीत पाय अडकून पडलेल्या काकू अजून आलेल्या नाहीत. त्यांच्याकडे मी चार वेळा जाऊन आले. खुर्च्या आल्याचे, सतरंज्या काढल्याचे, किल्लीचे, सगळे त्यांना सांगितले. त्या हसून ‘येते’ म्हणतात आणि येत नाहीत. गेल्या आठवड्यात त्यांनी आपण होऊन फोन केला आणि विचारले, समाजमंदिराच्या पुढच्या पाच पायऱ्यांना धरायला काही आहे का? काहीच नाही. रोज त्याच पायऱ्या चढून जाताना आम्हा कुणाच्याही ते लक्षात आले नव्हते. आता कठड्यासाठी वर्गणी जमली आहे. त्याची उंची किती ठेवायची हे ठरवण्यासाठी येत्या रविवारी वेल्डरला घेऊन आम्ही काकूंच्या घरी जाणार आहोत, आणि त्यांच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना उभे करून, त्यांचा हात जिथे सहज टेकतो तिथे माप घेणार आहोत.